सुईचं वैराग्य

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात शिवकुमारचं भांड्यांचं दुकान. लग्नाच्या ताट-वाट्यांवर मशीननं नावं कोरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. गल्लीत मात्र तीन वर्षं त्याचं कौतुक वेगळ्याच कारणानं चाललं होतं. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन तो तास तास पूजेला बसे, बायको मंजुश्रीच्या वाऱ्याला उभा राहत नसे, अंथरूणही बाहेरच्या खोलीत टाके. त्याची आई कमलम्मा ज्याला त्याला सांगे, "आमच्या शिवकुमारला वैराग्य आलंय." मग काय, बाया लेकरं आणून त्याच्या पायावर घालू लागल्या.

खरं काय ते फक्त शिवकुमारला आणि मंजुश्रीला ठाऊक होतं. त्याला स्किझोफ्रेनिया होता. कानात आवाज यायचे, हुकूम सोडायचे. लातूरला दर महिन्याची सुई सुरू झाली आणि आवाज थांबले, पण त्यांच्याबरोबर अंगातली इच्छाही गेली. मंजुश्रीजवळ गेला तरी शरीर साथ देईना. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी स्वामी ठरवलं, तेव्हा त्यानं ते मुकाट मानून घेतलं. नामर्द म्हणवून घेण्यापेक्षा स्वामी बरा! असला सोयीचा संन्यास सगळ्यांना पटला, फक्त मंजुश्रीला सोडून.

या महिन्यात सुईचा दिवस आला तसा तो म्हणाला, "लगीनसराई हाय. ह्या बारीला लातूर नको."

मंजुश्रीनं भाकरी थापता थापता त्याच्याकडं पाहिलं. "एक सुई चुकवली की पुन्हा गडी होताल, असं वाटून राह्यलंय का तुम्हाला?"

तिनं पिठाचे हात धुतले आणि डब्यांच्या मागून एक स्टीलचं ताट काढलं. काठापासून मध्यापर्यंत त्याच्याच सुबक अक्षरात एकच वाक्य कोरलेलं होतं, विहिरीत उतर, विहिरीत उतर. तीन वर्षांपूर्वी दोन दिवस बसून त्यानं अशी चाळीस ताटं कोरली होती आणि मग खरोखरच विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिला होता. मंजुश्रीनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं होतं. एकोणचाळीस ताटं तिनं मोडीत घातली, हे एक ठेवलं.

"मला नवरा जित्ता पायजे," ती म्हणाली. "बाकीचं डॉक्टरला इचारू. इचारल्याबिगर कसं कळंल?"

लातूरच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, त्यामुळं शिवकुमारची अधिकच पंचाईत. "कसं काय?" त्यांनी विचारलं. त्यानं तीन वर्षांचं ठरलेलं उत्तर दिलं, "समदं ठीक."

"ठीक न्हाई, मॅडम." मंजुश्रीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज हलला नाही. "सुई सुरू झाल्यापासून आमी नवरा-बायको म्हणून राह्यलो न्हाई. ह्यांना वाटतंय, आपलंच कायतरी गेलं. सुईनं असं होतंय का?"

काय ही बाई! शिवकुमारला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आपल्याला विहिरीवरून ओढलं ते हिनंच, आणि आत्ताही ही तेच करते आहे, हे त्याला लख्ख कळलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "होतं. पुष्कळांचं होतं, सांगत कुणी नाही. दोष तुमचा नाही, औषधाचा आहे. रक्त तपासू, मग औषध बदलायचं का ते ठरवू. वेळ लागेल. पण आपल्या मनानं सुई चुकवायची नाही."

शिवकुमारनं बाही वर केली.

संध्याकाळी घरी आले तर शेजारची लक्ष्मम्मा नातू घेऊन ओट्यावर कमलम्माशी बोलत बसलेली. ती लेकरू पायावर घालायला वाकताच शिवकुमारनं पाय मागं घेतले.

"मावशी, मी स्वामी न्हाई. डोक्याच्या आजाराची सुई घेतो. माझं वैराग्य त्या सुईचं हाय."

कमलम्मा लेकाकडं बघतच राहिली. गल्लीभर मिरवलेलं वैराग्य असं चारचौघांत उतरलं होतं. मग ती सुनेकडं वळली. "आन् तू तीन वर्सं एकटीच सोसून राह्यलीस, पोरी?"

जेवणं झाली. शिवकुमारनं बाहेरच्या खोलीतलं अंथरूण गुंडाळलं आणि आत नेलं. मंजुश्रीनं आपली उशी जराशी सरकवली.