सातव्या वाटीतला हिंग

झाकण जरा घट्ट बसतं माझं, मित्रांनो. जपून उघडा, नाहीतर हळद अंगावर येईल. मी मिसळणाचा डबा. स्टीलचा, गोल, पोटात सात वाट्या आणि एक चिमुकला चमचा. वय झालंय आता, एका बाजूला पोचा पण आलाय. सध्या मुक्काम ट्रॉय, मिशिगन. बाहेर बर्फ पडतोय, मी शेगडीच्या शेजारी उबेला बसलोय. मजेत आहे.

जन्म माझा सांगलीचा. भांड्याच्या दुकानात टांगलेला असायचो. वसुधाकाकूंच्या आईनं मला घेतलं, लेक अमेरिकेला चालली म्हणून. दुकानदारानं ते घुर्रर करणारं यंत्र काढलं आणि माझ्या झाकणावर नाव कोरलं, ‘सौ. वसुधा’. गुदगुल्या झाल्या मला. मी काही शाळेत गेलेलो नाही. अंगावर कोरलीत तेवढीच अक्षरं मला वाचता येतात, पण तेवढ्यावर माझं छान भागलं.

काकूंची एक खोड होती. लोक हिंग वेगळ्या डबीत ठेवतात. काकू माझ्याच सातव्या वाटीत ठेवायच्या. काकूंची मैत्रीण रत्ना नाक मुरडायची, अगं, सगळ्या डब्याला वास लागतो. काकू म्हणायच्या, लागू दे. ट्रॉयमध्ये कुणाच्याही घरी गणपती असो, डोहाळजेवण असो, आमटी काकूंचीच. अवधूतकाका, म्हणजे काकूंचे मिस्टर, गाड्यांच्या ब्रेकचे इंजिनियर. ऑफिसातून येऊन गराजमध्ये गाडी लावतानाच ओळखायचे आज काय शिजलंय. लई कौतुक झालं माझं त्या घरात.

मग तो ताप सगळ्या जगात फिरला, तसा आमच्या घरी पण आला. काकू बऱ्या झाल्या, पण ताप जाताना वास घेऊन गेला. दूध करपलं तरी कळेना. तशातच एका पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ करून न्यायच्या जेवणाला, त्यांनी आमटी नेली. फोडणी जळली होती. कुणी तोंडावर काही बोललं नाही, माणसं चांगली आहेत आमची. पण पातेलं भरलेलं घरी परत आलं. काकूंनी ते सिंकमध्ये ओतलं, मला उचललं आणि वरच्या कपाटात, मोठ्या कुकरच्या मागे ढकललं.

तिथं अंधारात बसलो, मित्रांनो. खाली काकांनी स्वयंपाक हातात घेतला होता. काकांचा स्वयंपाक म्हणजे सगळं पिवळं. डॉक्टरनं सांगितलं होतं, वेगवेगळे वास रोज घेत राहा, नाकाला सवय लागते, कदाचित येईल परत. कदाचित नाही. काकूंनी लिंबू हुंगलं, लवंग हुंगली, आणि कंटाळून सोडून दिलं.

एके दिवशी काकांना फोनवर त्यांच्या मित्राशी बोलताना मी ऐकलं. हा मित्र गुरुनाथ, रत्नाचा नवरा. काकांनी ऑस्ट्रेलियाची टूर शोधली होती. लहानसा ग्रुप, एक व्हॅन, बरोबर गाइड, आणि दिवसभर या मळ्यातून त्या मळ्यात वाइन चाखत फिरायचं. काका म्हणत होते, अरे, तिथं पिण्यापेक्षा हुंगणंच जास्त असतं. घरात एकटी बसून ती लिंबू हुंगणार नाही, पण चार माणसांत हुंगेल. तिला मात्र सांगू नकोस.

आणि काकांनी मला कपाटातून काढलं, ताजा मसाला भरला आणि बॅगेत कोंबलं. अमेरिकेत आयुष्य गेलं, तरी गावाला निघालं की आपल्या माणसाला वाटतंच, तिकडं जेवायला मिळेल का नाही. रत्ना आणि गुरुनाथ पण बरोबर निघाले.

ॲडलेडच्या विमानतळावर काकांनी सगळं खरं सांगितलं, खाण्याचं आहे म्हणून. तिथल्या तपासणीच्या बाईनं मला उघडलं. मोहरी, मेथी, जिरं, बियांचं काही चालणार नाही म्हणाली. हळद-तिखट घरचं कुटलेलं, ते पण गेलं. हिंग गेला. गुरुनाथ मागून म्हणाला, “अवधूत, तुझ्या मोहरीचा व्हिसा रिजेक्ट झाला, यार.” पण त्या बाईनं मला फेकलं नाही. रिकामा करून, पुसून, दोन्ही हातांनी काकांना परत दिलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

हॉटेलात काकांनी मला साबणानं घासलं आणि पोटात खारे शेंगदाणे भरले. सहा वाट्यांत भरले. सातवी हुंगली आणि रिकामीच ठेवली.

आमची गाइड उल्का, पुण्याची पोरगी, तिकडंच स्थायिक झालेली. व्हॅन पण तीच चालवायची. बारोसा नावाचा भाग, लांबच लांब द्राक्षांच्या रांगा, म्हाताऱ्या वेली, खोडं पिळलेल्या दोरासारखी. प्रत्येक ठिकाणी तोच कार्यक्रम. ग्लास फिरवा, नाक आत घाला, घोट घ्या, आणि बादलीत थुंका. गुरुनाथला ते थुंकणं पटेना. मिळालंय ते गिळायचं, या हिशेबानं तो दुपारी व्हॅनमध्ये घोरत पडायचा. बाकीचे सांगायचे, जांभूळ येतंय, मिरी येतेय. काकूंची पाळी आली की त्या ग्लासात नाक घालायच्या आणि म्हणायच्या, “पाणी.”

उल्काला आधी वाटलं, काकू थट्टा करतायत. मग काकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानंतर चारचौघांत तिनं काकूंना एकदाही विचारलं नाही. पण पहिला ग्लास न चुकता काकूंपुढं ठेवायची. अशी माणसं भेटायला भाग्य लागतं.

असे काही दिवस गेले. एका सकाळी व्हॅनमध्ये बसताना काकू हळूच काकांना म्हणाल्या, “मला कळत नाही का तुम्ही मला इथं कशाला आणलंत? या वयात नाकाला शाळेत घातलंत. आजचा दिवस येते, उद्यापासून मी खोलीवर बसणार.”  काका मला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या दुपारी एका छोट्या मळ्यात झाडाखाली जेवण होतं. उल्कानं बाटली उघडली आणि ग्लासचं खोकं मागितलं. खोकं व्हॅनमध्ये ठेवायचं काम गुरुनाथचं. ते राहिलं होतं मागच्या मळ्यातच. रत्ना त्याला काय काय बोलली ते मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात. शेंगदाणे त्यानं आधीच संपवले होते, म्हणून काकांनी माझ्या वाट्या पुसून पुढं केल्या. उल्कानं सगळ्यांत तीच लाल वाइन ओतली.

काकूंनी हाताला आली ती वाटी उचलली, नाकाशी नेली आणि तशाच थांबल्या. मग म्हणाल्या, “हिंग.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी वाटी घेतली, पाठ फिरवून सगळ्या वाट्यांच्या जागा बदलल्या. सातही सारख्या, माझं मलाच ओळखता येत नाही वरून. काकूंना डोळे मिटायला सांगून काका एकेक नाकाशी धरत गेले. पाणी. पाणी. परत पाणी. मग काकूंनी काकांचं मनगटच धरलं. “हीच. हाच तो.”

खोटं नाही सांगत मित्रांनो, त्या वाटीच्या दुमडलेल्या काठात माझ्या आयुष्यभराचा हिंग मुरलाय. साबणाला तो कुठला निघायला? रत्ना नाक मुरडायची तोच वास. काका तिथंच गवतात बसले आणि चष्मा पुसायला लागले. गुरुनाथ म्हणाला, “एवढी भारी वाइन, आणि वहिनींना सापडला काय, तर हिंग.”

दुसऱ्या दिवशी काकू खोलीवर बसल्या नाहीत. व्हॅनमध्ये सगळ्यात आधी जाऊन बसल्या. जांभूळ-बिंभूळ काही आलं नाही त्यांना, ते अजूनही येत नाही. पण रोज मला उघडून सातवी वाटी आधी हुंगायच्या आणि मग ग्लास. घरी आल्यावर काही महिन्यांनी जिरं आलं. मग कधीतरी करपलेलं दूध आलं, तर काकू नाचायच्या बाकी राहिल्या.

गेल्या रविवारी त्यांनी आमटी केली. नात आली होती, अनया. हिंग फोडणीत पडला तशी ती नाक धरून ओरडली, “आजी, इट स्टिंक्स!”

“हो ना गं?” काकू म्हणाल्या. “मलाही येतोय.”

काकांनी बाहेर गराजमध्ये गाडी लावली होती. आत येऊन त्यांनी दोन ताटं घेतली, मग नातीची आठवण झाली तशी तिसरं घेतलं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी कुठल्या कपाटात, कुकरच्या मागे माझ्यासारखा कुणी बसला असेल, तर त्याला खाली काढा. घासून लख्ख केलात तरी चालेल. फक्त पोटात काहीतरी भरा, आणि झाकण रोज एकदा उघडा.