चार नंबरच्या काउंटरवरचा पाहुणा

"बॅग तिरकी ठेवा काका, पूर्ण पट्ट्यावर आली पाहिजे," मी म्हटलं, आणि त्याने निमूटपणे ती तिरकी ठेवली. लांबलचक काळी बॅग, माझ्यापेक्षा हातभर उंच. आत स्कीची जोडी, काठ्या आणि बूट. आकडा सतरा किलो आठशेवर थांबला. मर्यादा पंधराची. माणूस साठीच्या आसपासचा, दाढी वाढलेली, अंगात शहरी कोट, पायात ऑफिसला जायचे काळे बूट. या माणसाने जन्मात कधी बर्फावर पाय ठेवलेला नाही, हे कुणीही सांगितलं असतं. मी मनात म्हटलं, आला. पाहुणा आला.

आता पाहुणा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमची विमान कंपनी स्वस्तातली. तिकीट इतकं स्वस्त की लोक घरून खुशीत निघतात आणि माझ्या काउंटरपाशी आले की त्यांचं तोंड कडू होतं. कारण कंपनीची खरी कमाई तिकिटावर नाही, सामानावर आहे. बॅग घरून नोंदवली तर एक दर, काउंटरवर नोंदवली तर दुप्पट, वजन वाढलं की किलोमागे वेगळे. स्कीच्या सामानाला तर दोन पानी नियम आहेत. एका बॅगेत एकच जोडी, एकच बुटांचा जोड, आणि मध्ये एखादा स्वेटर कोंबलेला सापडला तरी त्याचा वेगळा आकार. हे सगळं आम्ही नीट वसूल करतो की नाही ते बघायला कंपनी अधूनमधून खोटे प्रवासी पाठवते. ते रांगेत उभे राहतात, रडगाणं गातात, आणि परत जाऊन आमच्यावर अहवाल लिहितात. त्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. "या आठवड्यात पाहुणे आहेत गं," एवढं कुणी कुजबुजलं की सगळ्या काउंटरवरच्या बायका सुतासारख्या सरळ.

आमचा दुसरा शब्द टेकू. लांब बॅगेचं एक टोक काउंटरच्या कडेवर टेकलेलं राहिलं तर काटा दोन-तीन किलो कमी दाखवतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. एकोणीस वर्षांत मी किती जणांना टेकू दिला असेल, मोजलं नाही. माझा हिशेब साधा होता. जो हुज्जत घालेल त्याला नाही, जो गप्प उभा राहील त्याला.

याच टेकूने मला गोत्यात आणलं. मागच्या हंगामात एक बाई आली, नवऱ्याचा पाय मोडलाय, तो पुढे गेलाय, त्याचं सामान मी एकटी ओढतेय, असं सांगत डोळे पुसायला लागली. मला भरून आलं. मी टेकू दिला, वर पाणी पाजलं. पंधरा दिवसांनी मेमो हातात. त्यात लिहिलं होतं, कर्मचारी भावनिक कथेला बळी पडली. नवरा नाही, पाय नाही, बाई कंपनीची. माझ्या नावातही एक अक्षर चुकवलं होतं त्या भवानीने. हा माझा दुसरा मेमो. पहिला माझ्या जिभेचा होता, एका उर्मट माणसाला मी त्याच्या आईची आठवण करून दिली होती. दुसरा माझ्या मनाचा. तिसरा आला की सरळ घरी. आणि घरी आमचे हे, अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षं अंथरुणाला. मी घरी बसले तर आम्ही दोघं खाणार काय?

मेमोनंतर मला अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला बसवलं. माझ्या लेकाच्या वयाचा एक पोरगा पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाला की प्रवासी जितकी दुःखाची गोष्ट सांगेल तितकं सावध व्हायचं. मी ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना हात जड झाला होता खरा, पण लिहिलं.

तर त्या आठवड्यात शेजारच्या काउंटरवरच्या पोरीने कानात सांगितलं होतं की पाहुणा येतोय, आणि हंगाम संपत आलाय म्हणजे बहुतेक स्की घेऊनच येणार. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी हा काळ्या बुटांचा माणूस समोर आला.

मी नियमाने विचारलं, सामान तुमचंच का? तो म्हणाला, मुलाचं. मुलगा सोबत प्रवास करतोय का? नाही. मग त्याचं सामान तुमच्याकडे कसं? हाही नियमाचाच प्रश्न.

"तो गेला," तो म्हणाला. "वर डोंगरात स्की शिकवायला होता. शनिवारी सकाळी बर्फ घसरलं."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. रडणं नाही, आवाज चढणं नाही. मागच्या वेळच्या बाईपेक्षा कितीतरी सरस. मला वाटलं, यांनी यंदा चांगला माणूस नेमलाय, पैसे जास्त देत असतील. आणि अंगात एक प्रकारची मजाच आली माझ्या. मी ओळखलं होतं ना. एकोणीस वर्षं माणसं बघतेय, या वेळी फसणार नव्हते.

मी दर सांगितला. बॅग आधी नोंदवलेली नव्हती म्हणून दुप्पट, वर तीन किलोचे वेगळे, कारण अपुरा किलो आम्ही पुरा धरतो. त्याने कार्ड दिलं. बॅगेचे पैसे गेले, वरच्या तीन किलोंना यंत्राने नाही म्हटलं. त्याने पाकीट उघडून बघितलं, परत मिटलं. मग सांगायला लागला की मुलाला मोठ्या कंपनीच्या विमानाने पाठवलंय, संध्याकाळी पोचेल, तुमच्याकडे पेटी घेत नाहीत म्हणाले, तिकडेच सगळे पैसे गेले. हे तो माझ्याकडे न बघता, काट्याच्या आकड्याकडे बघत सांगत होता. सवलत मागितली नाही त्याने. एकदासुद्धा नाही. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी विचार न करता बॅगेचं टोक कडेवर टेकवलं असतं.

त्या दिवशी मी ते टोक स्वतःच्या हाताने आणखी आत सरकवलं, काटा पूर्ण दिसावा म्हणून.

त्याने विचारलं, लोक अशा वेळी काय करतात? मी म्हटलं, काहीतरी काढून ठेवतात. त्याने खाली गुडघे टेकले, चेन उघडली, आणि एकेक वस्तू हातात घेऊन अंदाज घ्यायला लागला, यातलं काय ठेवावं. मागे रांग वाढत होती. कुणीतरी च्यक केलं. शेवटी त्याने बूट काढले. ते स्कीचे बूट म्हणजे दगडासारखे, टणक प्लास्टिकचे, जोडी सहज चार किलोंची. हातातल्या पिशवीत बसतात का बघितलं त्याने, पण पिशवी मुलाच्या कपड्यांनी आधीच टम्म फुगलेली होती, आणि आमच्याकडे हातात एकच नग चालतो. त्याने बूट काउंटरच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी नीट लावून ठेवले. जणू कुणी आत्ता येऊन घालणार आहे.

काटा तेरा आठशे. मी चिठ्ठी बांधली, बॅग आत सोडली. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. नोकरी वाचली होती. आणि मग माझी जीभ मला आवरली नाही, ते आजही खुपतं. मी पुढे वाकले, छान हसले आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, फार सुंदर जमलंय हं तुम्हाला. लिहिताना माझं नाव तेवढं नीट लिहा, मागच्या वेळी चुकलं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खिशातून पेन काढलं, माझ्या छातीवरची पट्टी वाचली आणि बोर्डिंग पासच्या मागे माझं नाव लिहून घेतलं. "बरोबर आहे का?" म्हणून मला दाखवलंसुद्धा. मी म्हटलं, अगदी बरोबर. तो मान हलवून गेला. घरी गेल्यावर ह्यांना मी सगळं रंगवून सांगितलं. ह्यांना बोलता येत नाही फारसं, पण नेहमीसारखे हसले नाहीत ते. मी म्हटलं, तुम्हाला मेलं कशाचंच कौतुक नाही.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमचा पाळीप्रमुख, वाईट माणूस नाही, पण कागदाबाहेर बघत नाही. म्हणाले, अभिनंदन, पाहुण्याचा अहवाल चांगला आलाय, शंभरपैकी शंभर. मी म्हटलं, आम्हीपण ओळखतो की साहेब, स्कीवाले काका ना? साहेबांनी कागद वर-खाली केला. कसल्या स्की? पाहुणी होती, बाई. मंगळवारी. बाबागाडी घेऊन आलेली, बाबागाडीला पैसे लावले नाहीत ते बरोबर केलंत.

मंगळवारी बाबागाडीवाली एक बाई आली होती खरी. मी तिच्या बाळाला गुदगुल्याही केल्या होत्या. मी विचारलं, मग बुधवारी कोण होतं? साहेब म्हणाले, बुधवारी कुणी नव्हतं.

काउंटरवर परत कशी आले, पुढच्या चार माणसांच्या बॅगा कशा घेतल्या, काही आठवत नाही. पाणी प्यायला गेले आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. त्या माणसाने गुडघे टेकून आपल्या मेलेल्या मुलाचं सामान माझ्यासमोर निवडलं होतं, आणि मी हसले होते. शाबासकी दिली होती. मेले नाही मी तिथल्या तिथे, एवढंच.

काउंटरवर सोडलेल्या वस्तू आम्ही मोठ्या सामानाच्या खोलीत सात दिवस ठेवतो, मग फेकतो. तिथे छत्र्यांच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगाऱ्यात बूट होते. एका बुटात जाड लोकरीचा मोजा खाली दाबून बसलेला होता, पावलाचा आकार अजून धरून. मी ते बूट उचलून माझ्या कपाटात ठेवले, कुलूप लावलं.

प्रवाशाचा नंबर संगणकात असतो. तो खासगी कामासाठी बघायचा नाही, त्यावर फोन करायचा नाही, ही आमच्याकडे सगळ्यात मोठी चूक. हिच्यासाठी मेमोसुद्धा देत नाहीत, थेट ओळखपत्र काढून घेतात. कोण कुठला नंबर उघडतो त्याची नोंद होते, हे मला माहीत होतं. शंभरपैकी शंभर मिळालेल्या दिवशीच मी तो नंबर उघडला आणि तळहातावर लिहिला. ह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला होता. तरी लिहिला.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यात जाऊन फोन लावला. एका बाईने उचलला. मी सांगितलं, विमानतळावरून बोलतेय, तुमचे बूट इथे राहिलेत.

"हसल्या होत्या त्या तुम्हीच का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसांची मला सवय आहे. ती सांगायला लागली की हे घरी आले ते पहिलं हेच म्हणाले, काउंटरवरच्या बाई माझं बोलणं ऐकून हसल्या. तेव्हापासून घरात माणसं येतायत, जातायत, आणि हे मधेच मला विचारतात, मी असं काय बोललो असेन गं? मी ह्यांना समजावते, तुमचं बोलणं तुटक असतं, काहीतरी भलतंच ऐकलं असेल त्यांनी. पण ह्यांना पटत नाही. थांबा, त्यांनाच देते.

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"ताई," तो म्हणाला, "माझं काही चुकलं होतं का त्या दिवशी?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आणि मग मी त्याला सगळं सांगितलं, पाहुण्यांचं, टेकूचं, त्या मोडक्या पायाच्या बाईचं, माझ्या दोन मेमोंचं. शेवटचं वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं.

"मला वाटलं, तुम्ही खोटं सांगताय," मी म्हटलं. "तुमचा मुलगा वगैरे गेलेला नाहीच."

पलीकडे खुर्च्यांचा आवाज थांबला होता.

"मलाही आधी तसंच वाटलं," तो म्हणाला. "तिकडून फोन आला तेव्हा. मी त्या माणसाला रागावलो. म्हटलं, अशी थट्टा करतात का कुणाची."

मग त्याने विचारलं की बूट पोस्टाने येतील का, आणि पत्ता सांगायला सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि साहेब डबा घेऊन जिना उतरायला लागले. मला बघून थांबले. माझ्या तळहातावरचा नंबर बघितला, कानाला लावलेला फोन बघितला. मी उठले नाही.

"घर नंबर परत एकदा सांगा काका," मी म्हटलं.