शिवणाच्या वर्गातली रजा

बडोद्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकांच्या रजा मी, मुख्य शिक्षिका म्हणून, मंजूर करत असे. निरुपमाने रजा मागितली तेव्हा मला बरंच वाटलं. तिची कंबर अशी धरली होती की फळ्यावरच्या खालच्या ओळी ती मुलींकडून लिहून घेई. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आता पाठ टेकली नाही तर कायमचं अंथरूण धराल.

महिन्यापूर्वी तिचे यजमान रमाकांतराव यांचीही कंबर धरली होती. त्यांना कचेरीतून रजा मिळाली, घरात पलंग मिळाला, शेकायला गरम वाळूची पुरचुंडी मिळाली. शेकत होती अर्थात निरुपमाच.

रजा सुरू होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच बाईसाहेब शाळेत हजर.

"माझी रजा रद्द करा, बाई."

"बरं वाटतंय?"

"नाही. सासूबाई म्हणाल्या, घरी आहेसच तर वर्षाचे पापड उरकून टाकू. इथे निदान खुर्ची तरी मिळते."

मला संताप आला. तिच्या सासूबाई, जिजाबाई, काही वाईट नव्हत्या. सून घरात दिसली की त्यांना काम आठवे, एवढंच. पण माझ्या संतापाला ते कोण सांगणार?

मी रजा रद्द केली नाही. शिवणाचा वर्ग दुपारी रिकामा असे. तिथे सतरंजी अंथरली आणि म्हटलं, "रोज इथे येऊन निजायचं. घरी सांग, बाईंनी बोलावलंय."

आठवडाभरात रमाकांतराव तणतणत आले. "रजा मंजूर केली ने तुम्ही? मग रोज बोलावता कशाला? आई एकटी पापड लाटते."

मी त्यांना शिवणाच्या वर्गाच्या दारात नेलं. निरुपमा तोंडावर पदर घेऊन कुशीवर झोपली होती.

"ही इथे झोपायला येते?" ते म्हणाले.

त्यांचा आवाज कानी पडताच ती झोपेतच उठू लागली. एक हात जमिनीवर, एक कमरेवर. "आले हं," ती पुटपुटली, "वाळू तापवून आणते तुमची."

रमाकांतरावांनी दारातच जोडे काढले, आत जाऊन तिच्याजवळ बसले. "नको. तू नीज."

ती पुन्हा आडवी झाली. तिला पुन्हा झोप लागेपर्यंत ते तिथेच थांबले. मग बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले,

"बाई, ती वाळू किती तापवायची असते?"