अर्धा सेंटीमीटर कुणाचा?

मित्रांनो, माणसाचं अख्खं भवितव्य माझ्या अंगावर लिहिलेलं आहे! म्हणजे, आकडे आहेत. त्यातलेही चार-दोन पुसट झालेत. मी राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या भिंतीवरची, उंची मोजायची जुनी पट्टी आहे.

मला स्क्रूनं पक्कं बसवलंय, पण जिवाला स्वस्थता नाही. खालून सिटी बस गेली की भिंत थरथरते आणि माझी सरकती फळी टकटक वाजते. तीस वर्षं पोरं मोजली. "पट्टी खोटं बोलत नाही," असं डॉक्टर वर्षाराणी कौतुकानं सांगायच्या. मग दिवाळीच्या सुट्टीत जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली. जमीन दोन सेंटीमीटर वर आली, मी आहे तिथंच राहिले. तेव्हापासून येईल तो उंच! लोकांना आनंद, मला घोर.

काल कागलची अक्षता आली. गेल्या वर्षी पोलीस भरतीत एका सेंटीमीटरनं हुकलेली. सोमवारी पुन्हा मोजणी. माझ्यापाशी ती भरतीला लागणाऱ्या उंचीपेक्षा चक्क अडीच सेंटीमीटर जास्त भरली.

"आमच्या घराण्याचं रगातच तसलं हाय!" तिचे वडील गणपतराव गरजले.

"मग गेल्या साली कुठं गेलतं रगात?" त्यांच्या आई तानाबाई कडाडल्या. "वरीसभर म्हशीचं दूध मी पाजलंय की रं!"

डॉक्टर हसल्या. "आज्जी, एकच बेणं काळ्या रानात लावा आणि माळावर लावा. ऊस सारखा येतोय? आणि गणपतराव, कितीबी खत घाला, शाळू ज्वारीचा ऊस होतोय? उभ्या उसातलं बेण्याचं किती नि रानाचं किती, वेगळं कापून दाखवा बघू."

दोघं उसाच्या हिशेबात गुंतली. माझी मात्र तगमग चाललेली. अहो, खाली बघा की!

अक्षता खालीच बघत होती. "मॅडम, फरशी नवी हाय व्हय?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी टेप काढला. आज्जींनी डोळे गच्च मिटले. नव्या फरशीपासून मोजलं. अर्धा सेंटीमीटर जास्त! खराखुरा.

अक्षता हसता हसता रडली.

"अर्धा का असंना, रगताचाच!"

"दुधाचा, मुडद्या!"

भांडण जिना उतरून गेलं.

मित्रांनो, बेणं आपल्या हातात नसतं. रानाची मशागत तेवढी असते. ती मनापासून करा. माझं म्हणाल तर चार स्क्रू काढून मला दोन सेंटीमीटर वर बसवा. तेही जमत नसेल, तर निदान अंबाडा सोडून उभं राहत चला.