लिंबू आणि बिनगिअरचं चाक

दसऱ्याच्या सकाळी स्कूटरनं लिंबू चिरडलं तर स्कूटर सहानाची, नाहीतर भंगारवाल्याची. असा तिच्या वडिलांचा, अप्पांचा फैसला. आणि अप्पांचा फैसला म्हणजे त्यांच्या वेलचेरी भागातल्या पुराचं पाणी; एकदा घरात शिरलं की मागं फिरायचं नाव नाही.

स्कूटरचं इंजिन केव्हाच परलोकी गेलं होतं. सहानानं मागच्या चाकाच्या पोटात स्वतः बनवलेली मोटर घातली होती. ॲक्सियल फ्लक्स असं भारदस्त नाव, दिसायला मात्र उत्तप्प्यावर उत्तप्पा. एका तबकडीत चुंबकं, समोरच्या तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी, मध्ये जेमतेम फट. ना गिअर, ना चेन. चाक हीच मोटर.

“गिअरशिवाय हे लिंबू काय, मेदूवडासुद्धा चिरडणार नाही,” वरच्या मजल्यावरचा मकरंददादा म्हणाला. पुण्याहून इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आलेला, म्हणून जगातल्या तमाम चाकांचा काका.

“तुमच्या कारखान्यात वडे चिरडून बघतात वाटतं,” सहाना म्हणाली.

फक्त चुंबकं बसवायची राहिली होती. एकाचा उत्तर ध्रुव वर, पुढच्याचा दक्षिण, परत उत्तर; रांग चुकली की चाक जागच्या जागी कण्हत बसणार. मार्कर वाळलेला, म्हणून तिनं देवघरातल्या कुंकवानंच उत्तर ध्रुवांवर टिपके दिले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा, हत्यारांना सुट्टी. चुंबकांचं ताट सरस्वतीपुढं ठेवून ती निवांत झोपली.

सकाळी बघते तर एकूणएक चुंबक दोन्ही तोंडांनी सौभाग्यवती.

“हे कुणी केलं, आत्या?”

“मीच की, कन्ना,” सरोजाआत्या कौतुकानं म्हणाली. “एकाच बाजूला कुंकू लावलेलंस. दुसऱ्या बाजूनं काय पाप केलं? बोटं चिमटली बघ माझी.”

खाली भंगारवाला हातगाडीला टेकून उभा होता. “राहुकाळ लागायच्या आत काय ते उरका,” अप्पा म्हणाले.

सहानानं कुंकू पुसलं, एका चुंबकाला मुकादम नेमलं आणि त्याचं एकच तोंड बाकीच्यांपुढं धरत सुटली. जे तोंड ढकललं जाईल ते मुकादमाच्या पक्षाचं, त्याला विभूतीचा टिपका. जे खेचलं जाईल ते विरोधी, ते कोरडं. मग चुंबकं एकाआड एक खाचांत बसवली, कडं आवळलं, तारा जोडल्या. पळतच.

मागच्या चाकापुढं लिंबू ठेवलं. सहानानं मूठ पिळली. चाक कण्हलं नाही. स्कूटर गुपचूप निघाली आणि थेट मागं जाऊन हातगाडीवर आदळली.

“दोन तारांची अदलाबदल झाली,” मकरंददादा खूश होऊन म्हणाला. “आणि लिंबू शाबूत.”

अप्पांनी भंगारवाल्याकडं पाहिलं. 

आत्यानं पदर खोचला, हातगाडी मागं सारायला लावली, लिंबू उचललं आणि चाकाच्या मागं नेऊन ठेवलं. “आता पीळ मूठ.”

सहानानं पिळली. फच्च. अर्धा रस रस्त्यावर, अर्धा मकरंददादाच्या इस्त्रीच्या पँटवर.

“अक्का, पण गाडी उलटी गेली,” अप्पा म्हणाले.

“लिंबू चिरडायचं म्हणालास. कुठल्या बाजूनं ते कुठं म्हणालास?”

अप्पांनी नेसलेल्या वेष्टीवरची लिंबाची बी झटकली, आत गेले आणि भंगारवाल्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले.