अंड्यातलं पांढरं

गॅरेजवाल्याने डाव्या हाताने बायकोचा जबडा आवळला आणि उजव्या हाताने अंड्यातलं पांढरं तिच्या ओठांत कोंबलं.

"गीळ!"

तिने मान हिसडली. तुकडा जमिनीवर पडला. कालची दोन अंडी त्याला आत्ताच तिच्या उशीच्या अभ्र्यात सापडली होती.

"किडनी मी देतोय, पोट माझं फाडणार, आणि तुझ्याच्याने एक अंडं गिळवत नाही?"

"अहो, दुखतंय."

"रोज तुझं नवं दुखणं. नाचता येईना, अंगण वाकडं!"

डायलिसिसच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्तातलं प्रथिन फार खाली आहे, अंगात कुठेतरी सूज धुमसते आहे, असं असेल तर किडनी बसवता येणार नाही. खाऊ घाला. त्याच्या डोक्यात तेवढंच राहिलं. गंजलेला नट फिरेना की जोर लावायचा, एवढं त्याला येत होतं.

त्याने चमच्याचा दांडा तिच्या दातांत घालून पिळला. ती त्याच्या बोटाला कडाडून चावली. त्याने मुस्काटात लगावली, मग दुसरी. ती भिंतीवर आदळली. तोंड वाचवायला तिने हात वर केला नाही. ज्या हातात डायलिसिसच्या सुया टोचतात तो डावा हात तिने पाठीमागे धरला होता.

रक्त आलं, ते थांबेना. तिने ओंजळीत थुंकलं. रक्तात अख्खी दाढ होती, मुळासकट.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दाढ कशी पडली?"

"अंडं खाताना," बायको म्हणाली.

बाईंनी तिच्या गालावर उमटलेली बोटं पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं.

"फारच टणक अंडं होतं."

त्यांनी हिरडी दाबली. पू आला. जिथे दाबलं तिथे आला.

"किती दिवस आहे हे?"

"चार महिने असेल."

"बोलला नाहीत?"

"बोलले की. डायलिसिसला सगळे हातच बघतात."

"हा पू सगळ्या अंगाला छळतो. भूक मारतो, खाल्लेलं लागू देत नाही. घरात कुणी तोंड उघडून बघितलं नाही?"

गॅरेजवाल्याने आपलं चावलेलं बोट मुठीत लपवलं. त्याने उघडलं होतं.

आणखी तीन दाढा काढाव्या लागल्या. हिरड्या साफ झाल्या. ती आपल्या हाताने खायला लागली, आणि तो बशी ठेवून बाहेर जाऊन बसायला लागला. तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन डायलिसिसचे डॉक्टर हसले.

"छान! आता ऑपरेशनची तारीख धरू. मिस्टरांची सही झाली आहे, तुम्ही इथे करा."

तिने कागद नीट वाचला आणि परत सरकवला.

"मला ह्यांची किडनी नको."

"अगं, वेड लागलंय का? मरशील!" तो उठलाच.

डॉक्टरांनी त्याला बसवलं. "ताई, अहो, इतकी चांगली जुळते आहे. मशीनवर किती वर्षं काढणार? आठवड्यातून तीनदा त्या सुया..."

"तिथली सिस्टर टोचायच्या आधी विचारते," ती म्हणाली.

तिने पिशवी उचलली.

"उद्या माझी वेळ सकाळचीच ना, डॉक्टर?"