चौतीस नंबरचा बिल्ला

टणकन सुईदोऱ्याच्या डब्याचं झाकण पडलं आणि मोठ्या मिनतवारीने झोपवलेलं बाळ दचकलं. मी डोळे वटारले. बाबा ओशाळले. सदऱ्याचं बटण त्यांना स्वतःच लावायचं होतं.

"एवढं नटताय, नवरदेव आहात का?" आई म्हणाली.

"बोलावणं आलंय मला."

बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचं संग्रहालय झालं होतं. आज त्याचं उद्घाटन आणि जुन्या कामगारांचा सत्कार होता. बाबांनी तिथे तीस वर्षं पंप चालवला. बाळ आईकडे देऊन, थोरलीला घेऊन मी त्यांच्याबरोबर गेले.

सगळं रंगवून चकाचक. हजेरीच्या खिडकीजवळचा खिळ्यांचा फळा तेवढा जुना. खाली उतरताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आलं की काढून घ्यायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत.

शेजारी पाटी होती : 'खाणीत पाणी शिरले त्या दिवशी सर्व कामगार सुखरूप बाहेर आले.'

बाबांनी ती दोनदा वाचली. "साहेब, हे खोटं आहे. आमचा शीळवाला आतच राहिला."

सतत शीळ घालणारे बाबांचे दोस्त, शीळवालाकाका, खाणीत वारले, एवढंच मला ठाऊक होतं.

"हजेरीपुस्तकात तसं काही नाही, आजोबा," संग्रहालयाचा तरुण अधिकारी म्हणाला.

"असेल कसं? तो माझ्या बिल्ल्यावर उतरला होता. ही माझी पोर तापाने फणफणलेली, मी दवाखान्यात. खाडा पडला की काम जायचं, म्हणून एकमेकांच्या बिल्ल्यावर उतरायचो आम्ही. भोंगा ऐकून धावत आलो, तर फळ्यावर एकच बिल्ला उरलेला. चौतीस नंबर. माझा. कारकुनाने तो काढून माझ्या हातात कोंबला. म्हणाला, तू वर आहेस ना? मग आले सगळे वर. ओरडलो, पाया पडलो. शोध थांबवला त्यांनी. तिसऱ्या दिवशी खाणीचं तोंड बुजवलं."

मी बाबांकडे वळले. "बाबा, मला कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या तापापायी माणूस गेला, म्हणून?"

"ऐकीव गोष्टी पाटीवर घालता येत नाहीत," अधिकारी घड्याळ बघत म्हणाला.

"ऐकीव?" माझा आवाज टिपेला गेला. "बिल्ल्याचा मालक तुमच्यासमोर उभा आहे! खुर्चीत बसवून टाळ्या वाजवायला खरा, आणि तोंड उघडलं की ऐकीव?"

"हळू बोला, ताई. पाहुणे आलेत."

"येऊ देत की! त्यांनाही कळू दे, कुणाच्या डोक्यावर उभे आहेत ते."

बाबा सत्काराच्या खुर्चीकडे गेलेच नाहीत. ते पाटीला पाठ लावून उभे राहिले. एक अक्षर कुणाला दिसेना. "आधी त्याचं नाव लिहा. मग हलतो."

अधिकाऱ्याने पहारेकऱ्याला खूण केली. मी बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

थोरलीने माझा हात ओढला.

"आई, तू बरी झालीस ना? मग त्या शीळवाल्या आजोबांना आणायला कोण गेलं?"